अनुकूलन आणि उत्क्रांती: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले शेतकरी, शाळेतले शिक्षक, बारावीची मुलं, गोठेवाले आणि पक्षी बघणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हाला भुसावळच्या उन्हाची सवय झाली आहे. हेच अनुकूलन ना?

नाही. सवय एका शरीराची असते, अनुकूलन पिढ्यांचं असतं. पुण्याहून कुणी एप्रिलमध्ये भुसावळला राहायला आलं आणि रोज उन्हात काम करू लागलं, तर साधारण ७ ते १४ दिवसांत त्याचं शरीर जुळवून घेतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. तो माणूस पुण्याला परतला की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. त्याच्या मुलाला यातलं काही जन्मतः मिळत नाही. म्हणून वर्षाची पहिली उन्हाची लाट सगळ्यात जास्त माणसं आडवी करते, आणि म्हणूनच नव्या मजुराला पहिल्याच दिवशी दुपारी १२ ते ४ शेतात जुंपू नये.

अनुकूलन म्हणजे आईबापांकडून मुलांकडे जाणारा, आणि त्या जागी टिकायला किंवा जास्त पिल्लं वाढवायला उपयोगी पडलेला गुण. उदाहरणार्थ, टिटवीच्या अंड्याचा खडीसारखा रंग. तो एका टिटवीने कमावलेला नाही.

२. प्राणी ठरवून बदलत नाही म्हणता, मग बदल येतो कुठून?

तीन गोष्टी लागतात. एक, त्याच जातीच्या जिवांमध्ये आधीपासून फरक हवा. दोन, तो फरक पुढच्या पिढीत उतरणारा हवा. तीन, त्या फरकामुळे कुणाची पिल्लं जास्त जगायला हवीत आणि कुणाची कमी. तिन्ही असतील तर बदल होणारच, कुणाची इच्छा असो वा नसो. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ साली मांडलं ते थोडक्यात हेच. तेव्हा जनुकं कुणाला ठाऊक नव्हती, फरक कुठून येतो याचं उत्तर नंतर मिळालं. जनुकांची नक्कल होताना चुका होतात आणि नर-मादीच्या जनुकांची दर पिढीत नवी सरमिसळ होते. चुका गरज बघून होत नाहीत. बहुतेक निरुपयोगी असतात, काही घातक, एखादी कामाची.

फरकच नसेल तर काय होतं, हे रावेर-यावलच्या केळीत दिसतं. केळी प्राणी नाही, पण उदाहरण हातचं सोडवत नाही. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) ग्रँड नैन वाणाची सगळी रोपं जनुकांच्या दृष्टीने एकमेकांची नक्कल असतात. हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही हा विषाणू, आला की एक झाड जितकं हतबल तितकंच शेजारचं. निवडीला निवडायला काही उरत नाही, म्हणून बाग आपोआप कधीच 'सुधारत' नाही.

३. पिढ्यान्‌पिढ्या कान टोचतो, तरी बाळ टोचलेल्या कानाचं का जन्मत नाही?

कानाच्या पाळीला पडलेलं भोक अंडपेशीला किंवा शुक्रपेशीला कळत नाही. पुढच्या पिढीत जातं ते फक्त या दोन पेशींमधलं. वाइजमान या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिल्या. प्रत्येक पिल्लू शेपटीसकट जन्मलं. मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली, ही समजूत याच चुकीची बहीण आहे आणि अजून उत्तरपत्रिकांत सापडते.

४. माणूस माकडापासून झाला, तर सातपुड्यातली माकडं अजून माकडंच कशी?

आजच्या कुठल्याही माकडापासून माणूस झालेला नाही. आपला आणि वानराचा पूर्वज एक होता, दोन फांद्या वेगळ्या वाढल्या. चिंपांझीशी आपली फारकत साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची, वानरांच्या शाखेशी त्याहून कितीतरी जुनी. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. वानर पाला पचवण्यात वाकबगार आहे, त्याचं पोट कप्प्यांचं आहे. तो माणूस होण्याच्या वाटेवर कुठे अडकलेला नाही.

५. वर्गात करून दाखवता येईल असा निवडीचा प्रयोग सांगा. प्रोजेक्टर नाही.

लागतं एवढंच: चाळलेल्या काळ्या मातीचा ट्रे (दोन फूट बाय दोन फूट पुरे), उडीद, मूग आणि दादर (रब्बी ज्वारी) यांचे मूठ-मूठ दाणे, आणि तीन वाट्या.

प्रत्येक धान्याचे ३० दाणे मोजा, एकूण ९०. मातीवर विखरून द्या. एक मुलगा 'पक्षी' होतो. त्याने एका वेळी एकच दाणा, दोन बोटांनी, पटापट उचलायचा. ६० दाणे झाले की थांबायचं. उरलेले ३० दाणे चाळून वेगळे करा आणि प्रकारानुसार मोजा. हे वाचलेले. प्रत्येक वाचलेल्या दाण्याला त्याच जातीची दोन पिल्लं द्या, म्हणजे पुन्हा ९० होतील. असं तीन-चार फेऱ्या करा आणि दर फेरीचे आकडे फळ्यावर लिहा. दादर बहुधा आधी संपते, उडीद वाढत जातो. मग माती काढून पांढरा कापड अंथरा आणि पुढे चालू ठेवा. आता उडदाची पंचाईत होते. पण दादर पहिल्या टप्प्यात पूर्ण संपलेली असेल तर ती परत येत नाही. या प्रयोगातला सगळ्यात मोठा धडा हाच, आणि बहुतेक वर्गांत तो घंटा झाल्यामुळे राहून जातो.

फसतं कुठे? दाणे टाकताना 'पक्षी' बघत असला तर त्याला जागा पाठ होतात, त्याला पाठ फिरवायला लावा. माती न चाळता घेतली तर दाणे ढेकळांच्या फटीत जातात आणि निवड रंगाची न होता नशिबाची होते. मुलगा मूठ फिरवून दाणे गोळा करू लागला तर रंगाचा संबंधच संपतो. आणि फार कमी दाण्यांनी, समजा दहा-दहांनी, सुरुवात केली तर निव्वळ योगायोगानेही एखादा प्रकार नाहीसा होतो. निसर्गातही लहान संख्येच्या जातींचं असंच होतं (प्रश्न १२ पाहा).

६. ४५ अंशांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती उकडत कशी नाहीत? आणि उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हे खरं का?

हवा ४५ अंश असते तेव्हा मोकळ्या मुरमाचा पृष्ठभाग दुपारी ५० च्या पुढे गेलेला असतो. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली धरायला. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंडी गार करते. नर आणि मादी आळीपाळीने बसतात. अंडी बहुधा चार, टोकं आत वळवून लावलेली, मातकट रंगावर काळे डाग. दोन हातांवर असली तरी नजर चुकते. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि अंगावरची लव वाळताच धावू लागतात. रेल्वेच्या खडीत आणि सपाट गच्चीवरही ही अंडी सापडतात.

पावसाचं म्हणाल, तर टिटवी जागा निवडते ती खडी, मोकळी नजर आणि कुत्र्या-मांजरांपासून सुटका बघून. पुढच्या चार महिन्यांचा पाऊस तिला कळतो याला पुरावा नाही. दर मे महिन्यात बांधावरच्या अंड्यांचे फोटो फिरतात, नदीपात्रातल्या अंड्यांचे फिरत नाहीत. पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नका.

७. मार्च ते मे बेडूक कुठे जातात?

जमिनीत. खणणाऱ्या बेडकांच्या मागच्या टाचेशी फावड्यासारखी कठीण गाठ असते. ते मागच्या पायांनी माती सारत मागे-मागे जात स्वतःला गाडून घेतात आणि शरीराचा सगळा व्यवहार मंद करून पडून राहतात. पहिल्या जोरदार पावसाला सगळे एकदम बाहेर येतात, कारण डबकं आटायच्या आत अंडी, शेपटीवाली पिल्लं आणि बेडूक एवढा प्रवास संपवायचा असतो. नांगरताना निपचित बेडूक वर आला तर मेला समजून फेकू नका, बांधाच्या सावलीत ओलसर मातीत ठेवा.

८. बीटी कापसात बोंडअळी मरायची. मग गुलाबी अळी परत कशी आली? बियाणं बोगस झालं का?

बोगस बियाणं बाजारात असतं, पण मुख्य कारण ते नाही. अळी बदलली आहे. खान्देशात उत्क्रांती डोळ्यांनी बघायची असेल तर पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बोंड फोडून बघावं.

घटनाक्रम असा. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यात एक विषारी प्रथिन होतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचा कापूस आला. २००९ च्या हंगामात गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला न मरणारी गुलाबी अळी सापडली आणि मार्च २०१० मध्ये ते जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमारास दुसरं प्रथिनही पचवणारी अळी गुजरातेत दिसू लागली. २०१७ मध्ये महाराष्ट्राचा हंगाम तिने धुतला.

आत काय घडतं? बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतं, आतड्याला भोकं पाडतं आणि अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या आतड्यातलं ते प्रथिन जनुकातल्या चुकीमुळे जरा वेगळं असतं आणि विष नीट चिकटत नाही. ही चूक बीटीने घडवली नाही. बीटीने बाकीच्या सगळ्यांना मारून तिला रान मोकळं करून दिलं. औषधाने अळी 'चिवट झाली' असं आपण बोलतो, पण एकही अळी आयुष्यात चिवट झालेली नसते. चिवट होती ती उरली.

वेगाचा हिशेब: गुलाबी अळीची पिढी साधारण महिनाभराची. जून ते डिसेंबर या काळात पाच-सहा पिढ्या होतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेला कापूस, मार्च-एप्रिलपर्यंत ओढली की आणखी दोन-तीन. दहा वर्षांत तिच्या पन्नासेक पिढ्या होतात, माणसाला तेवढ्या पिढ्यांना हजारावर वर्षं लागतील.

भारतात हे इतक्या लवकर होण्यामागे एक खास कारण सांगितलं जातं. आपल्याकडे बीटी कापूस संकरित वाणांत आला आणि बीटी जनुक बहुधा एकाच पालकाकडून येतो. अशा झाडाच्या बोंडात सगळी सरकी सारखी नसते. एका जनुकापुरतं बघितलं तर साधारण चारातली एक सरकी बिनविषाची निघते. गुलाबी अळी सरकीच खाते. म्हणजे अर्धवट प्रतिकार असलेल्या अळीला एकाच बोंडात विष आणि बिनविष दोन्ही मिळतं आणि ती तगून जाते.

९. मग हिरवी बोंडअळी का नाही तशी परत आली?

हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी सर्वभक्षी. तूर, हरभरा, टोमॅटो, सगळं तिला चालतं. हरभऱ्याच्या घाट्यांत वाढलेल्या तिच्या लाखो पतंगांनी बीटी कधी चाखलेलंच नसतं. तेच कापसातल्या चिवट पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार पातळ करतात. गुलाबी अळी जवळपास कापसावरच जगते, आणि आपल्याकडे कापूस म्हटला की बीटीच. तिच्या सगळ्या पिढ्या एकाच चाळणीतून गेल्या. सर्वभक्षी किडीत प्रतिकार येतच नाही असं मात्र नाही, फवारणीच्या औषधांना ती कधीच दाद देईनाशी झाली होती.

१०. पाकिटात बिगर-बीटी बी का देतात? आम्ही तर टाकून द्यायचो.

तिथेच घात झाला. प्रतिकाराचा जनुक बहुतांशी अप्रभावी असतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळाला तरच अळी बीटीवर जगते. एकाच बाजूने मिळाला तर मरते. बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या वाढू दिल्या, तर बीटीतून वाचलेल्या मोजक्या चिवट पतंगांना जोडीदार म्हणून साधेच पतंग भेटतात. त्यांची पिल्लं एकाच बाजूच्या जनुकाची, म्हणून पुढच्या पिढीत बीटीवर मरतात. ही बिगर-बीटीची पट्टी म्हणजे आश्रयपट्टा.

पूर्वी ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. बीटीभोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं लावा, असा नियम होता. आपल्या शेतात मुद्दाम अळी वाढवायची हे कुणाच्या पचनी पडलं नाही. खरंतर सांगणाऱ्यांनीही कारण न सांगता नुसतं पाकीट हातात ठेवलं. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, त्यामुळे टाकून देता येत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोनात आश्रयपट्टा नीट पाळला गेला आणि तिथे बरीच वर्षं ही अळी बीटीला बळी पडत राहिली. पुढे नपुंसक पतंग सोडण्याची जोड मिळाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

११. आता बीटी चालत नाही म्हटल्यावर या माहितीचा उपयोग काय?

अळीला मिळणाऱ्या पिढ्या कमी करणं आणि एकाच चाळणीतून सारखं न चाळणं, एवढं तरी हातात आहे.

मे महिन्यातली बागायती लागवड टाळा. जूनमध्येच, शक्यतो एकाच वेळी सगळ्या शिवारात पेरा. आधी लावलेला कापूस जमिनीतून निघणाऱ्या पहिल्या पतंगांना आयती फुलं देतो आणि तिथून सगळ्या गावाला पुरेल एवढी पिढी तयार होते. १५०-१६० दिवसांत येणारं वाण घ्या. पीक डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत संपवा. फरदड घेऊ नका. पाण्याची सोय आहे म्हणून चार क्विंटल जास्त निघतात हे खरं, पण शेवटच्या पिढीची अळी दोन सरक्या जोडून त्यात सुप्तावस्थेत पडते आणि पुढच्या हंगामाला तिथूनच उठते. पऱ्हाटी उपटून बांधावर रचून ठेवली तर त्या वाळक्या बोंडांत ती सुखाने उन्हाळा काढते. जिनिंगजवळच्या शेतांत प्रादुर्भाव लवकर दिसतो तोही सरकीतल्या अळीमुळे.

लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा आणि त्यातली वासाची गोळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. जुन्या गोळीच्या सापळ्यात पतंग दिसत नाहीत म्हणून अळी नाही, असा समज होतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग, किंवा फोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी दिसली, की उपाय करायची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता गुंडाळलेली फुलं, दिसल्या तर तोडून नष्ट करा. बोंडावर बाहेरून काही दिसत नाही, कारण अळी आत शिरल्यावर भोक बुजतं. बोंड फोडल्याशिवाय मोजणी होत नाही.

फवारताना एकाच गटाचं औषध लागोपाठ वापरू नका. डब्यावरचं कंपनीचं नाव बदलून भागत नाही, आतला घटक आणि त्याचा गट बदलायला हवा. दोन वेगळ्या नावांचे डबे आणि आत एकच औषध, ही कृषी केंद्रात रोज होणारी गफलत आहे.

१२. अळी दहा वर्षांत बदलली, मग गिधाडं का बदलली नाहीत?

गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९० च्या दशकापासून काही वर्षांत भारतातल्या तीन जातींची गिधाडं ९० टक्क्यांहून जास्त घटली. निवडीचा दाब भयंकर होता, तरी अनुकूलन झालं नाही.

कारण हिशेबात आहे. गिधाडाची मादी वर्षाला एक अंडं घालते आणि पहिल्यांदा अंडी घालायला साधारण पाच वर्षांची व्हावी लागते. बोंडअळीची मादी काही दिवसांत शंभरावर अंडी घालते. शिवाय विष पचवणारी वेगळी जनुकं त्या थोड्याशा संख्येत असायलाच हवीत असं काही नाही. बदल यायच्या आत जात संपते. उत्क्रांती वाचवतेच असं नाही. आजवर झालेल्या बहुतेक जाती नामशेष झाल्या आहेत.

गोठ्यासाठी लक्षात ठेवायचं: जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून. माणसांसाठीची या औषधांची इंजेक्शनंही जनावराला टोचू नका. पशुवैद्यकाकडे मेलोक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

१३. पिंगळा गावोगाव आहे, रानपिंगळा मात्र शोधावा लागतो. दोघांत एवढा फरक का?

पिंगळ्याला काहीही चालतं: वडाची ढोली, पडकी भिंत, विहिरीचा कठडा, रस्त्याच्या दिव्याखालचे किडे. रानपिंगळा सातपुड्याच्या सागवानी रानाशी बांधलेला. त्याला ढोली असलेली जुनी झाडं आणि मोकळं पानगळीचं जंगल लागतं, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांचे, नखं दणकट. एका जागेशी नेमकं जुळलेल्या प्राण्याची ती जागा गेली की त्याच्याकडे दुसरा डाव नसतो.

१८८४ नंतर तो कुणाला सापडला नव्हता. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला एक नमुना होता. तो माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-संग्राहकाने संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला, त्यामुळे शोध चुकीच्या जागी होत राहिला. तो दावा बाजूला ठेवून अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. त्यानंतर यावलसह इतर ठिकाणीही नोंदी झाल्या.

१४. कवड्या मण्यारची नक्कल करतो म्हणतात. त्याला कसं कळतं मण्यार कशी दिसते?

या बिनविषारी सापाला काही कळत नाही. ज्या कवड्यांवर पट्टे जास्त मण्यारसारखे होते, त्यांच्यावर झडप घालायला शिकारी कचरले, ती जास्त जगली, असं मानलं जातं. बघणारा फसतो, नक्कल करणाऱ्याला आरशाची गरज नाही.

ओळख: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारचे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट, बहुधा जोडीजोडीने. मण्यारच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी असतात. कवड्या भिंतीवर सरसर चढतो. पण ही ओळख फोटोसाठी आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात खवले मोजायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. मण्यारचा दंश बरेचदा दुखत नाही आणि सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे जड झाल्या, बोलताना जीभ अडखळू लागली, तर साप दिसला नसला तरी थेट सरकारी दवाखाना गाठा. आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यात वेळ घालवू नका.

१५. आमच्या होलस्टीन गाई तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आहेत. किती पिढ्यांनी इथल्या उन्हाला सरावतील?

आत्ताच्या पद्धतीने कधीच नाही. दर पिढीत तुम्ही थंड देशात दुधासाठी निवडलेल्या वळूचं रेतन भरता, म्हणजे दर पिढीत थंडीची जनुकं नव्याने आणता. वर पंखे आणि फवारे लावून उन्हाला निवड करू देत नाही. गाई वाचवण्यासाठी ते बरोबरच आहे, पण मग अनुकूलनाची अपेक्षा धरू नये.

खान्देशातली थिल्लारी म्हणजे तापीकाठची खिल्लार उन्हात टिकते. तिची कातडी सैल, घामाच्या ग्रंथी जास्त, केस आखूड आणि अंगात तयार होणारी उष्णता कमी. उष्णता कमी असण्यामागचं एक कारण दूध कमी हेच आहे. दोन्ही एकदम मागता येत नाही. म्हणून संकरात विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगतात. कॅरिबियन सेनेपोल गाईतला आखूड केसांचा 'स्लिक' जनुक होलस्टीनमध्ये आणल्याने तिची उष्णता सहन करण्याची ताकद वाढते, हेही दिसलं आहे. म्हशीचं वेगळंच: काळी कातडी, घामग्रंथी विरळ. तिचं अनुकूलन म्हणजे डुंबणं. डबकं नसेल तर दुपारी दोनदा पाणी मारा.

१६. बिबट्या आता केळीत आणि उसात राहतो. ही उत्क्रांती का?

बहुतांशी शिकणं. लपायला दाट पीक, खायला कुत्री आणि डुकरं, जवळ पाणी. पिल्लं आईबरोबर राहून ते शिकतात. हाच बिबट्या जंगलात वाढला असता तर जंगलातच राहिला असता. लवचीकपणा हा बिबट्याचा जुना गुण आहे, ऊस नवा आहे.

१७. सिकलसेल हा आजार, मग निवडीने तो आदिवासी पट्ट्यातून काढून का टाकला नाही?

कारण त्याचं अर्धं रूप मलेरियापासून वाचवतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच घटक बदलतो. हे जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस वाहक, सहसा धडधाकट, आणि फाल्सिपॅरम मलेरियाने गंभीर होण्याची शक्यता कमी. दोन्हीकडून आलं तर आजार. रक्तदोष आणि मलेरिया यांचं नातं असावं ही कल्पना हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडली, सिकलसेलबाबत ॲलिसन यांनी ते १९५४ मध्ये दाखवलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, म्हणून हे जनुक टिकलं. यात कुठल्या समाजाचा दोष नाही. आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राकाठीही असंच झालं.

एक धोकादायक गैरसमज: संरक्षण फक्त वाहकाला. सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा जास्त आजारी पडतो. त्याने मच्छरदाणी सोडू नये.

१८. मलेरिया संपला तर सिकलसेल आपोआप जाईल ना?

जाईल, पण फार सावकाश. प्रश्न १० मधल्या अळीसारखंच इथेही जनुक एकेरी रूपात लपतं, आणि लपलेल्यावर निवड चालत नाही. समजा लोकसंख्येत या जनुकाचं प्रमाण १० टक्के आहे. म्हणजे १८ टक्के वाहक आणि १ टक्का रुग्ण. मलेरियाचा फायदा शून्य झाला आणि एकाही रुग्णाला मूल झालं नाही असं धरलं, तरी प्रमाण ५ टक्क्यांवर यायला १० पिढ्या लागतात, म्हणजे सुमारे २५० वर्षं. ५ वरून अडीचवर यायला आणखी २० पिढ्या. आणि उपचारामुळे रुग्ण जगतात, त्यांना मुलं होतात, ते व्हायलाच हवं. म्हणजे याहूनही सावकाश.

त्यामुळे तपासणी हाच मार्ग. आधी विद्राव्यता चाचणी, बोटातून थेंबभर रक्त घेऊन. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच ठरतं, पहिल्या चाचणीवर निष्कर्ष काढू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात विद्राव्यता चाचणी फसते, कारण रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, पूर्ण निरोगी २५ टक्के. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्याकडे हे जनुक नसेल तर सहसा रुग्ण मूल होत नाही, तेव्हा नुसत्या 'वाहक' शेऱ्यावरून सोयरीक मोडायचं कारण नाही. दोघांची तपासणीची कार्डं शेजारी ठेवून बघा.